‘वय झाले’ हे निदान नव्हे

मुळशी धरणाच्या जलाशयाकाठी एखाद्या वाडीत ऐंशी वर्षांच्या वृद्धेने दोन दिवस अन्न घेतले नाही, ती असंबद्ध बोलू लागली आणि रात्री उठताना पडली, तर घरात एकच वाक्य उच्चारले जाते : ‘आता वय झाले.’ घरच्यांनी असे म्हणावे यात नवल नाही. परंतु पुष्कळदा दवाखान्यातही तेच वाक्य अधिक भारदस्त शब्दांत ऐकावयास मिळते, हे मात्र चिंताजनक होय.

वस्तुतः अशा अवस्थेमागे मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग, न्यूमोनिया, रक्तातील सोडियमची घट किंवा नुकतीच सुरू केलेली झोपेची गोळी, यांपैकी काहीही असू शकते. आणि ही सारी कारणे उपचारसाध्य आहेत. उतारवयात रोग आपली नेहमीची लक्षणे घेऊन येतोच असे नाही. न्यूमोनिया असून ताप नसतो. हृदयविकाराचा झटका येतो, पण छातीत कळ न येता नुसता दम लागतो. स्मृतिभ्रंश महिन्या-वर्षांच्या संथ चालीने येतो. दोन दिवसांत उद्भवलेला संभ्रम हा बहुधा दुसऱ्याच आजाराचा सांगावा असतो. तेव्हा डॉक्टरने विचारावयाचा पहिला प्रश्न, ‘गेल्या आठवड्यात आजी कशा होत्या?’ हा. त्याचे उत्तर कोणापाशी असते? भाताची खाचरे आणि हिंजवडीच्या काचेच्या इमारती, दोन्ही याच तालुक्यात आहेत. आई इकडे, मुलगा तिकडे. शनिवारी येणाऱ्या मुलाला जे ठाऊक नसते ते शेजारणीला ठाऊक असते. पण रुग्णासोबत दवाखान्यात येतो तो मुलगा.

दुसरी फसगत आकड्यांची. रक्ततपासणीच्या कागदावर क्रिएटिनिन १.० असे येते, शेजारी ‘सामान्य’ अशी मर्यादा छापलेली असते, आणि मूत्रपिंडे ठीक आहेत असे समजले जाते. परंतु क्रिएटिनिन स्नायूंतून येते. कृश वृद्धेच्या अंगी स्नायूच थोडे, म्हणून आकडाही लहान. कॉकक्रॉफ्ट आणि गॉल्ट यांनी १९७६ साली मांडलेले सूत्र सोपे आहे : १४० मधून वय वजा करावे, त्यास किलोतील वजनाने गुणावे, क्रिएटिनिनच्या ७२ पटीने भागावे आणि स्त्री असल्यास उत्तराचे ८५ टक्के घ्यावेत. तिशीच्या, ६० किलो वजनाच्या तरुणाचे उत्तर येते सुमारे ९२. ऐंशी वर्षांच्या, ४० किलोच्या आजींचे अवघे २८. कागदावरचा आकडा मात्र दोघांचा एकच! या आजींना तरुणाच्या मात्रेने औषधे दिली तर ती अंगात साचतात. त्यात चिठ्ठीशिवाय घेतलेली सांधेदुखीची गोळी मूत्रपिंडावर आणखी भार टाकते. रक्तदाबाच्या ॲम्लोडिपिनने कधी पाय सुजतात. सूज पाहून लघवीची गोळी दिली जाते. तिने सोडियम उतरते, रात्री वारंवार उठावे लागते, आणि उठताना पडणे होते. म्हणजे जो नवा आजार वाटला तो जुन्या औषधाचाच परिणाम. याचा अर्थ ताम्हिणीकडच्या प्रत्येक वृद्धाला स्कॅनसाठी पुण्याला न्यावे असा नव्हे. ती यातायातही काही थोडी अपायकारक नसते. लघवीची तपासणी, सोडियम आणि छातीला लावलेला स्टेथॉस्कोप यांनी पुष्कळ उलगडा होतो.

वैद्यकशास्त्राला हे अज्ञात आहे काय? मुळीच नाही. अडचण अर्थशास्त्राची आहे. २९ ऑक्टोबर २०२४ रोजी सुरू झालेल्या ‘आयुष्मान वय वंदना’ योजनेने सत्तरी ओलांडलेल्या सर्वांना, उत्पन्नाची अट न घालता, कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत उपचारांची हमी दिली. ही गोष्ट लहान नव्हे. तथापि ही हमी रुग्णालयात दाखल झाल्यावरची आहे. मोडलेला खुबा बसविण्याचा खर्च तीतून निघतो; तो मोडू नये म्हणून गोळ्यांची पिशवी टेबलावर पालथी करून अर्धा तास विचारपूस करणाऱ्या डॉक्टरच्या वेळेस मात्र दर नाही. ज्या सेवेस दर नाही तिचा पुरवठा आटतो. (येथे डॉक्टरांस दोष देणे सोपे आहे, आणि बव्हंशी अन्यायाचेही.)

त्या अर्ध्या तासाचे मोल काय, हे मार्जरी वॉरेन यांनी दाखवून दिले. १९३५ साली लंडनच्या वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयात शेजारच्या आश्रयगृहातील सातशेंहून अधिक रुग्ण त्यांच्याकडे सोपविण्यात आले. असाध्य म्हणून अंथरुणात टाकून दिलेल्या या माणसांना त्यांनी एकेक करून तपासले. त्यांतील कित्येक चालू लागले, घरी परतले. त्यासाठी त्यांच्यापाशी कोणतेही नवे औषध नव्हते.

आपल्याकडे २०१०-११ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय वृद्ध आरोग्यसेवा कार्यक्रमात प्राथमिक आरोग्य केंद्रावर आठवड्यातून एक दिवस वृद्धांसाठी राखण्याची तरतूद आहे. त्या दिवशी घरातील यच्चयावत गोळ्या, काढे, मलमे एका पिशवीत घालून आजींनी यावे, आणि सोबत जमल्यास मुलाऐवजी शेजारणीने. त्यास नवी इमारत लागत नाही. लागतो तो माणशी अर्धा तास, आणि त्याचा मोबदला अंदाजपत्रकात कोणत्या शीर्षाखाली दाखवावयाचा याचा निर्णय.