मोनेचा सूर्य आणि आमची नक्कल

'नक्कल' हा शब्द शाळेत चांगल्या अर्थाने वापरला जात नाही. चित्रकलेत मात्र थोरांच्या चित्रांची नक्कल करून शिकण्याची परंपरा जुनी आहे. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आजही चित्रकार परवानगी घेऊन मूळ चित्रासमोर उभे राहून नक्कल करतात. आम्ही प्रयोगशाळेत काम करणारी माणसे. पावसाळ्यातल्या काही रविवारी आम्हीही एका चित्राची तेलरंगात नक्कल करून पाहिली. ती फारशी चांगली उतरली नाही, पण तिच्यातल्या एका चुकीने आम्हाला प्रकाशाविषयी बरेच शिकविले.

चित्र होते क्लोद मोने याचे 'इम्प्रेशन : सनराइज'. फ्रान्समधील ले हाव्र बंदरातील पहाटेचे हे दृश्य. धुक्यात बुडालेली जहाजे, पुढे दोन-तीन होड्या, करड्या-निळ्या आकाशात एक नारिंगी सूर्य आणि पाण्यावर त्याचे नारिंगी फटकारे. १८७४ साली पॅरिसच्या प्रदर्शनात हे चित्र लागले, तेव्हा लुई लरॉय या समीक्षकाने त्याच्या नावावरून 'इम्प्रेशनिस्ट' असा शब्द थट्टेने वापरला. पुढे तेच नाव त्या साऱ्या चळवळीला चिकटले. चित्र आज पॅरिसच्या मार्मोतान मोने संग्रहालयात आहे. माप सुमारे ४८ × ६३ सेंटिमीटर. आम्ही कॅनव्हास निम्म्या मापाचा घेतला, छापील चित्रावर व कॅनव्हासवर सारख्या चौकटी आखल्या आणि कामाला लागलो.

आकाश आणि पाणी जमले. जहाजांच्या डोलकाठ्याही बऱ्या साधल्या. अडले ते सूर्यापाशी. आपण सगळे जाणतो की, दृश्यात सूर्य असला तर तोच सर्वांत उजळ. म्हणून आम्ही नारिंगी रंगात भरपूर पांढरा व थोडा पिवळा मिसळला. सूर्य उजळ झाला खरा, पण आकाशावर चिकटवलेल्या टिकलीसारखा दिसू लागला. मूळ चित्रातला सूर्य थरथरतो, तापल्यासारखा भासतो. आमचा नुसता पांढुरका होता.

येथे तेलरंगाचा एक गुण कामी आला. जलरंग वाळतो तो त्यातील पाणी उडून गेल्यामुळे. तेलरंगातील जवसाचे तेल मात्र उडून जात नाही. ते हवेतील ऑक्सिजन घेते, त्याचे रेणू एकमेकांना जोडले जातात आणि द्रवाचा घट्ट पापुद्रा बनतो. या क्रियेला कित्येक दिवस लागतात. त्यामुळे आम्हाला सूर्य कापडाने पुसून पुन्हा रंगविता आला. दुसऱ्यांदा आम्ही आणखी पांढरा घातला. तो आणखी बिघडला.

शेवटी आम्ही छापील चित्राचे मोबाइलवर कृष्णधवल छायाचित्र घेतले. त्यात होड्या दिसत होत्या, जहाजे दिसत होती. सूर्य मात्र जवळजवळ नाहीसा झाला होता! मोनेचा सूर्य भोवतालच्या आकाशापेक्षा उजळ नाहीच. त्याचा रंग तेवढा वेगळा आहे, उजळपणा जवळपास तोच. आमच्या नकलेच्या कृष्णधवल छायाचित्रात सूर्य पांढऱ्या ठिपक्यासारखा ठळक उठून दिसत होता.

मोनेने असे का केले असावे? रंगाची मर्यादा लक्षात घेतली म्हणजे उलगडा होतो. चित्रातील पांढरा रंग त्याच्यावर पडलेल्या प्रकाशापैकी फार तर नव्वद टक्के परत पाठवितो आणि काळा रंगही तीन-चार टक्के पाठवितोच. म्हणजे चित्रातील सर्वांत उजळ आणि सर्वांत गडद जागांमधील फरक साधारण तीसपटीच्या आत राहतो. निसर्गात सूर्य आणि सावली यांतील फरक हजारो पटींचा असतो. उजळपणाच्या शर्यतीत रंगाची नळी सूर्याला कधीच गाठू शकत नाही. आम्ही ती शर्यत धावू गेलो; मोने तिच्यात उतरलाच नाही. त्याने करड्या-निळ्यासमोर त्याचा विरोधी नारिंगी ठेवला. विरोधी रंग शेजारी आले की एकमेकांना खुलवितात, हे शेव्हरल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८३९ सालीच आपल्या ग्रंथात मांडले होते.

पण सूर्य थरथरतो का? हार्वर्ड विद्यापीठातील मेंदूशास्त्रज्ञ मार्गारेट लिव्हिंगस्टन यांनी याचे स्पष्टीकरण दिले आहे. डोळ्यांकडून आलेल्या माहितीवर मेंदूत निरनिराळे भाग काम करतात. वस्तू कोणती आणि कोणत्या रंगाची, हे एक यंत्रणा ओळखते. ती कोठे आहे, हलते आहे का, हे दुसरी ठरविते. ही दुसरी यंत्रणा प्रामुख्याने उजळपणातील फरकावर चालते. रंग तिला फारसा कळत नाही. मोनेचा सूर्य पहिल्या यंत्रणेला ठसठशीत दिसतो, तर दुसरीला जवळजवळ दिसतच नाही. 'सूर्य आहे' हे पक्के, पण 'नेमका कोठे' हे पक्के नाही. म्हणून तो स्थिर वाटत नाही.

तिसऱ्यांदा आम्ही नारिंगी रंग पांढरा न घालता घेतला, थोडा करडा मिसळला आणि दर वेळी कृष्णधवल छायाचित्र काढून ताडून पाहिले. सूर्य छायाचित्रातून पुसला गेला आणि कॅनव्हासवर पेटला.

हा प्रयोग वर्गात सहज करता येईल. तेलरंगांची गरज नाही. पोस्टर रंग पुरेत. एका कागदावर मध्यम करडा-निळा रंग सपाट लावावा. तो वाळल्यावर त्यावर नारिंगी रंगाची तीन वर्तुळे काढावीत : एक पांढरा मिसळून, एक तसेच, एक थोडा काळा मिसळून. मुलांना विचारावे, कोणते वर्तुळ 'सूर्य' वाटते? मग कृष्णधवल छायाचित्र घ्यावे आणि कोणते वर्तुळ सर्वांत पुसट झाले ते पाहावे. दोन्ही उत्तरे जुळतात का, हे मुलांनीच ठरवावे. न जुळली तर मिश्रणाचे प्रमाण बदलून पुन्हा करावे.

आमची चूक हाताची नव्हती. सूर्य सर्वांत उजळ असतो हे आम्हाला इतके पाठ होते की समोरच्या चित्रात तो तसा नाही, हे आम्ही पाहिलेच नाही. प्रयोगवहीतही असे घडते. विद्यार्थी तापमापी वाचण्याआधीच '१०० अंश' लिहून मोकळा होतो. त्याला रागावण्यापूर्वी आम्हाला आता आमचा पहिला सूर्य आठवतो.