अमूर्त चित्राची पारख आणि निगा

पूर्वी चित्र म्हणजे शौकिनांचा विषय समजला जाई. आता त्याचाही बाजार मोठा झाला आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये मुंबईच्या एका लिलावात सय्यद हैदर रझा यांचे ‘जेस्टेशन’ हे चित्र ५१ कोटी ७५ लाख रुपयांना गेले. त्यात माणूस किंवा जनावर नाही. बिंदू, भौमितिक आकृत्या आणि रंग आहेत. अशा चित्राला अमूर्त चित्र म्हणतात.

असे भाव ऐकून कुंभार पिंपळगावसारख्या गावातही कुणी थकलेल्या उधारीपोटी चित्र पुढे करू शकतो. ते घेण्याआधी पारख हवी.

पहिली गोष्ट कागदपत्रांची. जानेवारी २००९ मध्ये दिल्लीत रझांच्या नावाचे प्रदर्शन भरले. ८६ वर्षांचे रझा स्वतः तेथे गेले, तेव्हा त्यातील अनेक चित्रे आपली नाहीत, असे त्यांनी सांगितले. २०१६ मध्ये रझांचा इंतकाल झाला. आता त्यांना विचारण्याची सोय राहिली नाही. म्हणून चित्र कुणाकडून कुणाकडे गेले, त्याच्या पावत्या, जुने फोटो, प्रदर्शनाची पुस्तिका मागावी. नुसत्या सहीवर भरवसा ठेवू नये. सहीची नक्कल करणे सोपे असते.

दुसरी गोष्ट मालाची. चित्र उलटे करून पाठ पाहावी. कॅनव्हास म्हणजे शेवटी सुती किंवा लिननचे कापडच. जुने साल लिहिलेले आणि कापड, खिळे, लाकूड कोरे करकरीत, तर शंका घ्यावी. रंगाला भेगा, पोपडे, बुरशी, ठिगळ असेल तर किंमत उतरते. मोठी रक्कम गुंतत असेल तर जाणकाराचा लेखी अभिप्राय घ्यावा.

आता निगा. कापड दमट हवेत सैल पडते, कोरड्या हवेत ताणले जाते. या ओढाताणीत रंग तडकतो. त्यामुळे उन्हाची तिरीप येणारी, ओल धरणारी किंवा चुलीजवळची भिंत टाळावी. चौकटीच्या मागे खालच्या कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावावेत, म्हणजे हवा खेळते. वाळवीवर नजर ठेवावी. धूळ मऊ कोरड्या ब्रशने हलकेच झटकावी. ओले फडके, साबण, रॉकेल कधीही लावू नये. पावसाळ्यात प्लास्टिकमध्ये घट्ट बांधू नये, आत ओल कोंडून बुरशी येते. थानासारखी घडी तर मुळीच घालू नये. गुंडाळणे भागच पडले तर जाड नळीवर, रंगाची बाजू बाहेर ठेवून गुंडाळावे.

शेवटी जकातीबद्दल. घरात लावण्यासाठी घेतलेल्या चित्रावर जकात नाही. विकून नफा मिळवण्याच्या नियतीने घेतले, तर तो तिजारतीचा माल ठरतो आणि बाजारभावाने हिशेबात धरावा लागतो. शंका असल्यास आलिमांना विचारावे. पावती आणि चित्राच्या दोन्ही बाजूंचे फोटो वहीसोबत जपून ठेवावेत. उद्या वारसांना चित्र विकायचे झाले तर तोच पुरावा कामी येईल.