हिमोफिलिया व आपलीं जुनीं वैद्यकाचीं बाडें

आमच्या मेढ्याच्या बाजूस जुन्या घरांच्या माळ्यावरून जीं दप्तरें निघतात, त्यांत वैद्यकाचें एखादें बाड बहुधा असतेंच. अशा बाडाची यादी करतांना ‘रक्तपित्त’ या शब्दापुढें ‘हिमोफिलिया’ असें लिहून मोकळें होण्याचा मोह संग्राहकास होतो. तो आवरावा, असें सुचविण्यासाठीं हें टिपण आहे.

चरकसंहितेंत निदानस्थानाचा दुसरा व चिकित्सास्थानाचा चौथा अध्याय रक्तपित्ताचा आहे. पित्तानें दूषित झालेलें रक्त वरच्या किंवा खालच्या मार्गांनीं बाहेर पडतें. ऊर्ध्वग साध्य, अधोग याप्य, उभयमार्गी असाध्य, असा तेथील निर्णय. अडुळसा हें त्यावरील प्रसिद्ध औषध. हा रोग मुख्यतः आहारविहाराच्या दोषानें होतो व स्त्रीपुरुष कोणासही होतो. हिमोफिलियाची गोष्ट निराळी. त्यांत रक्त दूषित नसतें. तें गोठविणाऱ्या घटकांपैकीं एक, बहुधा आठवा, क्वचित् नववा, जन्मतःच उणा असतो. शिवाय त्याचा मोठा घात गुडघा, घोटा, कोपर यांच्या सांध्यांत आंतल्याआंत होणाऱ्या स्रावानें होतो. बाहेर रक्ताचा थेंबही न दिसतां मूल पांगळें होतें. तेव्हां अशा मुलाची नोंद बाडांत असलीच, तर ती रक्तपित्ताच्या प्रकरणापेक्षां संधिवाताच्या प्रकरणांत शोधणें अधिक सयुक्तिक. तेथें सांगितलेले उपाय मात्र डाग, तुंबडी आणि जळू हे असावयाचे, आणि ज्याचें रक्त गोठत नाहीं त्यास ते प्राणावरचे.

सुश्रुताच्या सूत्रस्थानांत जळवांचा अध्याय तेरावा व रक्ताचें वर्णन करणारा चौदावा, हा शेजार लक्षांत घेण्याजोगा आहे. चौदाव्यांत रक्त थांबविण्याचे चार उपाय सांगितले आहेत: संधान, स्कंदन, पाचन आणि दहन. तुरट द्रव्यांनीं व्रण सांधावा, थंडाईनें रक्त थिजवावें, भस्मानें पाचन करावें, व तेंही न साधल्यास शिर डागावी. लोध्र, गेरू, राळ यांचें चूर्ण दाबावयाचें तें याच ठिकाणीं. फार रक्त गेल्यास हरिण, मेंढा इत्यादिकांचें रक्त पाजावें असेंही तेथें आहे. उणें झालेलें भरून काढावें, ही कल्पना योग्यच होती. परंतु पोटांत गेलेलें रक्त पचून जातें, शिरांत पोहोंचत नाहीं.

आनुवंशिकतेचें तत्त्वही सुश्रुतास अपरिचित नव्हतें. सूत्रस्थानाच्या चोविसाव्या अध्यायांत आदिबलप्रवृत्त रोगांचे मातृज व पितृज असे भेद केले आहेत. परंतु उदाहरणें कुष्ठ व अर्श यांचीं आहेत. आई निरोगी असून मुलगे रक्तस्रावानें मरतात, हें निरीक्षण यहुद्यांच्या ताल्मुदांत आढळतें: तीन बहिणींचे मुलगे सुंतेनंतर दगावले, तेव्हां चौथीस ती न करण्याचा निर्णय मिळाला. फिलाडेल्फियाच्या जॉन ओटो या वैद्यानें 1803 सालीं हाच क्रम एका घराण्यांत दाखविला.

आपल्या साधनांत ही गोष्ट कां दिसत नाहीं, याचें एक कारण आपल्या वंशावळींत आहे, असें मला वाटतें. वंशावळ बापाकडून मुलाकडे उतरते. हा रोग आजोळाकडून येतो. वाहक मातेच्या प्रत्येक मुलास तो होण्याचा संभव निम्मा, व प्रत्येक मुलगी वाहक होण्याचाही निम्मा. बाधित पुरुषाच्या सर्व मुली वाहक होतात, मुलगे त्याच्याकडून तो घेत नाहींत. ज्या कागदावर लेकींचीं नांवेंच नाहींत, त्यावर हा रोग दिसणार कसा? मामाच्या मुलीशीं लग्नाची चाल असेल तेथें आणखी एक संभव: बाधित भाच्यास बाधित मामाची मुलगी दिली, तर त्यांच्या मुलीसही हा रोग पुरा होऊं शकतो. मातेस मात्र सरसकट बोल लावणें अन्यायाचें. सुमारें एक तृतीयांश रोग्यांच्या घराण्यांत तो पूर्वीं कोणासच झालेला नसतो.

उपायांचा पुढील इतिहास थोडक्यांत असा. 1840 सालीं लंडनमध्यें सॅम्युएल लेन यानें शस्त्रक्रियेनंतर रक्त न थांबलेल्या एका मुलास दुसऱ्याचें रक्त शिरेंतून देऊन वांचविलें. 1934 सालीं मॅकफार्लेन व बार्नेट यांनीं घोणसीचें विष पातळ करून जखमेवर लावलें व रक्त थांबलें! घोणस जावळीच्या रानांत कोणास नवी नाहीं. तिच्या दंशानें गोठण्याचीं द्रव्यें खर्चीं पडून रक्त वाहूं लागतें; तेंच विष जखमेवर लावलें तर आठव्या घटकास वगळून दहाव्यास थेट जागें करतें. उपाय वरवरचाच, सांध्यांत तो पोहोंचेना. 1960 नंतरच्या दशकांत ज्युडिथ पूल या विदुषीनें गोठविलेला रक्तरस हळूहळू वितळवितांना तळाशीं राहणाऱ्या सांक्यांत आठवा घटक दाखविला. पुढें हजारों दात्यांचा रक्तरस एकत्र करून घटकाची पूड होऊं लागली. तिच्यांतून 1980 नंतर एड्स व कावीळ यांचे विषाणू पसरून जगभर असंख्य रोगी गेले. 1992 पासून रक्तावांचून तयार केलेला आठवा घटक मिळूं लागला. वेल्लोर येथील ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयानें जनुकोपचार केलेल्या पांच रोग्यांचा वृत्तांत 2024 सालीं प्रसिद्ध झाला.

मेढ्याहून साताऱ्यास तासाभराचाही रस्ता नाहीं, आणि तेथील जिल्हा रुग्णालयांत या रोगासाठीं उपचारकेंद्र निघालें आहे. म्हणून संग्राहकांस विनंति कीं, बाडांत किंवा घरगुती पत्रांत मुलाचा गुडघा वारंवार सुजल्याचा, दांत पडतां रक्त न राहिल्याचा, किंवा ‘मामासही असेंच होतें’ असा उल्लेख आढळल्यास तो मूळ शब्दांत उतरून घ्यावा, त्यावर रोगाचें नांव घालूं नये, आणि त्या घराण्यांतील लेकींचे वंश आज कोठें आहेत याची चौकशी करून त्यांस तसें कळवावें.