न्यू जर्सीतला प्रोग्रॅमरांचा कट्टा

न्यू जर्सीतल्या मरे हिलची बेल लॅब्ज ही एटी अँड टी या टेलिफोन कंपनीची प्रयोगशाळा होती. १९४७ साली ट्रान्झिस्टर इथेच जन्माला आला. त्या अवाढव्य इमारतीत एक खोली अशी होती की तिचा कुणी प्रमुख नव्हता आणि तिचं उद्दिष्ट कुठल्याही कागदावर लिहिलेलं नव्हतं. संगणक ठेवायला जागा हवी, एवढ्यापुरतीच ती मिळाली. मग तिथे टर्मिनलं आली, कॉफी आली. ज्यांना दार लावून बसता येईल अशा स्वतंत्र खोल्या होत्या, तीच माणसं दिवसाचा बराच वेळ इथे येऊन बसू लागली. सगळे तिला युनिक्स रूम म्हणत.

आज मोबाइलपासून बँकांच्या सर्व्हरपर्यंत जे चालतं, त्यातल्या बहुतेकांचं मूळ शोधत गेलं तर युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमपाशी पोचावं लागतं. युनिक्सचा इतिहास सांगताना केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांची नावं आधी येतात आणि ते योग्यच आहे. पण मला त्या इतिहासात सर्वांत मोलाची वाटते ती ही खोली. तिथे जाता-येता दिलेले सल्ले, एकमेकांची केलेली थट्टा आणि ‘हे असं का केलंस?’ हा रोजचा प्रश्न यांतूनच ती प्रणाली घडत गेली. तिथल्या गप्पा कामातच मोडत होत्या.

सुरुवात झाली १९६९ मध्ये. एमआयटी आणि जनरल इलेक्ट्रिक यांच्याबरोबर चाललेल्या मल्टिक्स नावाच्या महाप्रकल्पातून बेल लॅब्जने अंग काढून घेतलं होतं. थॉम्पसनच्या हाती उरला पीडीपी-७ हा कुणाला फारसा नको असलेला छोटा संगणक. त्याची पत्नी तान्ह्या मुलाला घेऊन तीन आठवडे सासरी कॅलिफोर्नियाला गेली. तेवढ्यात त्याने आठवड्याला एक या हिशेबाने एडिटर, असेंब्लर आणि प्रणालीचा गाभा लिहून काढला. ही गोष्ट एकट्या माणसाच्या पराक्रमाची म्हणून सांगितली जाते, आणि पराक्रम तो होताच. पण त्यानंतरच्या दहा-पंधरा वर्षांत त्या गाभ्याभोवती जे उभं राहिलं, ते एकट्याचं नव्हतं.

डग मॅकिलरॉय या मंडळींचा विभागप्रमुख. त्याचं खरं काम होतं नव्या गोष्टी सर्वांत आधी वापरून बघणं आणि त्यात खोट काढणं. १९६४ पासून एक कल्पना त्याच्या डोक्यात घर करून होती. बागेतल्या पाण्याच्या नळीला दुसरी नळी जोडावी तसे प्रोग्रॅम एकमेकांना जोडता यावेत, पहिल्यातून निघालेलं दुसऱ्यात जावं. त्याने तसं टिपणही लिहून ठेवलं होतं. प्रमुख असूनही त्याने हुकूम सोडला नाही. भेटेल तेव्हा विषय काढायचा, नकार ऐकायचा, पुन्हा विषय काढायचा, असं वर्षानुवर्षं चाललं. अखेर १९७३ मध्ये थॉम्पसन एका रात्री बसला आणि पाइप नावाची ती सोय त्याने युनिक्समध्ये घातली. दुसऱ्या दिवशी खोलीत झुंबड उडाली. एका ओळीत चार-चार प्रोग्रॅम जोडून कोण काय करून दाखवतो याची चढाओढ लागली. ‘एका प्रोग्रॅमने एकच काम नीट करावं’ ही युनिक्सची शिकवण पुढे पुस्तकांत गेली. पण तिला बळ आलं ते त्या दिवशीच्या खेळातून.

ग्रेपची गोष्टही याच जातीची. फायलींमध्ये हवा तो मजकूर शोधणारी ही आज्ञा पुण्या-मुंबईतला प्रोग्रॅमर आजही दिवसातून कितीतरी वेळा टाइप करतो. फायलींत काही शोधता आलं तर बरं होईल, असं मॅकिलरॉय एकदा थॉम्पसनला म्हणाला. रात्रभर विचार करतो, असं थॉम्पसनने सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी प्रोग्रॅम हजर केला. मॅकिलरॉयला हवं होतं तेच आणि तसंच. वस्तुस्थिती अशी, की तो प्रोग्रॅम थॉम्पसनने स्वतःपुरता आधीच लिहिलेला होता; त्या रात्री त्याने फक्त तासभर बसून त्यातले बग काढले. तोवर ती वस्तू त्याच्या खासगी फायलींत पडून होती, कारण ती दुसऱ्या कुणाला लागेल असं त्याला वाटलं नव्हतं. शेजारच्या माणसाने सहज काढलेल्या उद्गारामुळे ती जगाच्या हाती आली. अशा किती उपयोगी गोष्टी केवळ कुणी विचारलं नाही म्हणून कुणाकुणाच्या फायलींत राहून गेल्या असतील!

या खोलीभोवतीच्या माणसांतला सल्ला कसा चाले याचा माझा आवडता नमुना स्टीव्ह जॉन्सनचा आहे. बी या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत त्याला हवा असलेला एक ऑपरेटर नव्हता. तो बसवायचा तर भाषेचं व्याकरण वाचणाऱ्या भागाला हात घालणं आलं. त्याने आल्फ्रेड आहोला गाठलं. आहो हा या सिद्धान्तातला पक्का जाणकार. कोणतं चिन्ह आलं की पुढे काय करायचं, याचा भलामोठा तक्ता लागतो. आहोने तो हाताने, पुठ्ठ्यावर मांडून करून दिला. जॉन्सनने तो संगणकात भरला तर चुका निघाल्या. पुन्हा आहोकडे. पुन्हा दुरुस्ती, पुन्हा चूक. अशा काही फेऱ्या झाल्यावर जॉन्सनने विचारलं, तू नेमकं करतोस तरी काय ते मला समजावून सांग. आहोने सांगितलं, आणि जॉन्सनने ते काम करणारा प्रोग्रॅमच लिहून टाकला. व्याकरण द्या, तक्ता तयार. आहोचा सहकारी जेफ्री उल्मन याने तो पाहून ‘आता हा आणखी एक कंपायलर-कंपायलर?’ अशा अर्थाचा शेरा मारला. जॉन्सनने त्याच शेऱ्यावरून, इंग्रजी आद्याक्षरं जुळवून, प्रोग्रॅमचं नाव ठेवलं. तो प्रोग्रॅम म्हणजे यॅक. पुढे कितीतरी भाषांचे कंपायलर याच्या आधाराने लिहिले गेले. आहो आणि उल्मन यांना २०२० सालचा ट्युरिंग पुरस्कार मिळाला तो अशाच विषयातल्या कामासाठी. यात मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की सिद्धान्त जाणणारा आणि ज्याचं काम अडलंय तो, असे दोघे हाकेच्या अंतरावर होते आणि पुन्हापुन्हा विचारायला संकोच नव्हता.

यॅक हाताशी आल्यावर लोरिंडा चेरी आणि ब्रायन कर्निहन यांनी गणिती सूत्रं छापण्यासाठी ईक्यूएन केलं. गणित न शिकलेल्या टायपिस्टलाही ते वापरता यायचं. चेरीचं नाव या इतिहासात जेवढ्या वेळा यायला हवं तेवढं येत नाही. या वर्तुळात स्त्रिया फार थोड्या होत्या, हेही नोंदवायला हवं.

खोलीतले नियम लिहिलेले नव्हते, पण कडक होते. सगळ्यांचा कोड सगळ्यांना उघडा. कुणाच्याही प्रोग्रॅममध्ये कुणीही बदल करावा. मात्र ज्याने शेवटचा हात लावला, तो प्रोग्रॅम त्याचा. मग त्यातल्या तक्रारीही त्याच्याच. यामुळे फुकटचा सल्ला देणारे आपोआप सावध होत. मॅन्युअलमध्ये प्रत्येक आज्ञेच्या पानाखाली ‘बग्ज’ असं शीर्षक असे आणि प्रोग्रॅम कुठे फसतो ते लेखकाला स्वतःच तिथे लिहावं लागे. पहिलं मॅन्युअल नोव्हेंबर १९७१ चं. पुस्तिकेत स्वतःच्याच कामातले दोष इतक्या सरळपणे सांगणारं दुसरं उदाहरण मला माहीत नाही. उघडपणे चूक कबूल करायची सवय लागली की टीका बोचत नाही, आणि टीका बोचेनाशी झाली की थट्टा मोकळेपणी करता येते.

थट्टा होतीही भरपूर. नवी फाइल तयार करणाऱ्या आज्ञेच्या इंग्रजी नावातलं शेवटचं ई अक्षर थॉम्पसनने गाळलं होतं. युनिक्स पुन्हा लिहायला मिळालं तर काय बदलशील, असं विचारल्यावर त्याने एवढंच सांगितलं की ते ई अक्षर लावीन. १९७५ च्या सहाव्या आवृत्तीत, एका प्रक्रियेकडून दुसरीकडे जाणाऱ्या अवघड कोडशेजारी ‘हे तुम्हाला समजावं अशी अपेक्षा नाही’ अशा अर्थाची टीप होती. ती उद्धटपणाची समजली गेली. रिचीने पुढे खुलासा केला, की हे परीक्षेला येणार नाही असं मास्तर सांगतात तशा भावनेने ते लिहिलं होतं. आणि तिथे काय चाललंय ते आम्हालाही तेव्हा नीट उमगलं नव्हतं.

पीटर वाइनबर्गरवर तर सगळ्यांनी मिळून डाव साधला. आहो आणि कर्निहन यांच्याबरोबर १९७७ मध्ये ऑक ही भाषा करणारा हा गणितज्ञ. त्याच्या चेहऱ्याचा एक फोटो मंडळींच्या हाती लागला आणि तो चेहरा भिंतींवर, जिन्यात, कंपनीच्या गोल बोधचिन्हाच्या रेषांतही दिसू लागला. १९८५ मध्ये एका रात्री तो मरे हिलच्या उंच पाण्याच्या टाकीवर रंगवला गेला. त्या चेहऱ्यावर चित्रप्रक्रियेचे नवेनवे प्रयोगही होत. रॉब पाइक आणि जेरार्ड होल्झमन यांच्यासारखी माणसं त्याच काळात चित्रांच्या सॉफ्टवेअरवर काम करत होती. चेष्टा आणि संशोधन यांची सामग्री एकच होती.

हे सगळं परवडत होतं, कारण अमेरिकेतल्या टेलिफोनची मक्तेदारी एटी अँड टीकडे होती. पुढच्या तिमाहीचा धाक नव्हता. सरकारशी झालेल्या १९५६ च्या समझोत्यामुळे कंपनीला संगणकाच्या धंद्यात उतरता येत नव्हतं, म्हणून युनिक्स विद्यापीठांना नाममात्र दरात मिळालं. १९८४ मध्ये मक्तेदारी मोडली आणि हळूहळू हवा बदलली. हल्ली कंपन्या बैठकीच्या जागेत रंगीत खुर्च्या आणि कॉफीची यंत्रं मांडतात. त्यातून युनिक्स रूम उभी राहात नाही. काम उशिरा झालं तरी नोकरी जाणार नाही ही खात्री, आणि शेजारी बसलेला माणूस आपल्याहून हुशार असण्याची शक्यता, या दोन्ही गोष्टी तिथे एकत्र होत्या.

आपल्याशी या मंडळींचा थेट संबंध १९९२ च्या सप्टेंबरमधला. युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरीला जागा होती. पण युनिकोडने अक्षरांना दिलेले अंक फाइलमध्ये नेमके कसे लिहायचे, याची धड पद्धत नव्हती. एका समितीच्या बैठकीतून पाइकला फोन आला: आमच्या आराखड्यावर तुमचं मत द्या. पाइक आणि थॉम्पसन यांना त्यात खोट दिसली. मजकूर मधूनच वाचायला घेतला तर अक्षराची सुरुवात कुठे ते पटकन कळायला हवं, असा त्यांचा आग्रह होता. दोघे जेवायला गेले आणि न्यू जर्सीतल्या त्या साध्या हॉटेलात ताटाखालच्या कागदावर थॉम्पसनने बिटांची मांडणी केली. परत येऊन त्यांनी फोन करून ती समजावली. समितीच्या लोकांनी कळवलं, की ही आमच्यापेक्षा चांगली आहे, किती दिवसांत करून दाखवाल?

म हे अक्षर घेतलं की ती मांडणी डोळ्यांसमोर येते. त्याचे तीन बाइट होतात: १११०००००, १०१००१००, १०१०१११०. पहिल्या बाइटच्या आरंभी तीन एक आहेत, म्हणजे अक्षर तीन बाइटांचं. पुढचे दोन १० ने सुरू होतात, म्हणजे ते आधीच्या अक्षराचाच भाग आहेत. कुठूनही वाचायला घ्या. १० दिसलं की मागे सरका, अक्षराचं डोकं सापडतं. मराठीत लागणारं देवनागरीचं प्रत्येक चिन्ह याच रीतीने तीन बाइटांत बसतं. त्याआधी मराठी मजकूर फॉन्टच्या दावणीला बांधलेला असे. पाठवणाऱ्याचा फॉन्ट घेणाऱ्याकडे नसला तर ओळीच्या ओळी निरर्थक चिन्हांनी भरत.

त्याच रात्री, बुधवारी, थॉम्पसनने बाइट बांधण्याचा आणि सोडवण्याचा कोड लिहिला, तर पाइकने सी भाषेच्या आणि चित्रांच्या लायब्ररी उघडल्या. दुसऱ्या दिवशी कोड पुरा झाला. शुक्रवारी त्यांची प्लॅन नाइन ही प्रणाली फक्त याच पद्धतीवर चालत होती. शब्द होता सोमवारचा. ही पद्धत आज यूटीएफ-८ म्हणून ओळखली जाते. मोबाइलवर इंटरनेटवरून आलेला मराठी निरोप बहुधा तिच्यातच येतो आणि हा लेखही संगणकात तिच्यातच साठवलेला आहे.