परसातील कोंबड्यांचा शोक

प्रस्तुत लेखाचा विषय पाहून पुष्कळ वाचकांस हसू येईल, ह्याची मला पूर्ण जाणीव आहे. ज्या घरात तीन पिढ्या अंड्याचे कवचही उंबऱ्याच्या आत आले नाही, त्या घरातील एका निवृत्त शिक्षकाने कोंबड्यांच्या मृत्यूवर लेख लिहावा, हे माझ्या कित्येक स्नेह्यांस रुचलेले नाही. एकाने तर स्पष्टच विचारले, "अहो, गाय गेली असती तर समजलो असतो, कोंबडीचे कसले आले सुतक?" त्या वेळी मी त्यांस उत्तर दिले नाही. ते येथे द्यावे असा विचार आहे.

आमचे घर पुण्यास मार्केट यार्डाच्या पाठीमागच्या अंगास आहे. जुने, बैठे, आणि मागे लहानसे परसू असलेले. गुलटेकडीवर घाऊक बाजार आल्यापासून येथील पहाट मालमोटारींच्या ताब्यात गेली. भुसार विभागात पोती उतरतात, एखादे उसवते, ज्वारी-बाजरी रस्त्यावर सांडते आणि ती वेचावयास झाडूवाल्या बायकांच्या आधी कबुतरे हजर होतात. त्या कबुतरांचा उल्लेख पुढे पुन्हा येईल.

सन २०२० च्या मार्च महिन्यात कोंबडीपासून करोना होतो अशी एक निराधार वार्ता पसरली होती. भाव असे कोसळले की महाराष्ट्रात कित्येक ठिकाणी कुक्कुटपालकांनी पक्षी फुकट वाटले, कोठे जिवंत पिल्ले पुरून टाकली. अशा दिवसांत यार्डात हमाली करणारे एक गृहस्थ, ज्यांचा मुलगा माझा विद्यार्थी होता, डालग्यात पाच गावरान पिल्ले घेऊन दाराशी उभे राहिले. गावाकडील नातलगाने ती त्यांच्या गळ्यात घातली होती. "गुरुजी, पुरण्यापेक्षा तुमच्या परसात हिंडतील. दाण्याला हितं काय तोटा?" मी नाही म्हणणार, इतक्यात माझा सात वर्षांचा नातू डालग्यात हात घालून बसला. आणखी काही दिवसांनी टाळेबंदी लागली, आणि पिल्ले परत करण्याचा प्रश्नच उरला नाही.

घरात ह्यावरून जे रामायण झाले ते थोडक्यात सांगतो. माझी आत्या आमच्याकडेच असते. आज तिचे वय शहाऐंशीच्या पुढे आहे. तिने जाहीर केले की परसात कोंबडी फिरणार असेल तर तुळशीला पाणी घालावयास ती यावयाची नाही. मी तिला कार्तिकेयाच्या ध्वजावर कोंबडाच असतो हे सांगून पाहिले. ती म्हणाली, "ध्वजावरचा घाण करीत नाही." ह्यावर शास्त्राधार मला सापडला नाही. मग तुळशीभोवती जाळी बसविली आणि खुराडे दूरच्या भिंतीशी, शेवग्याखाली, बांधले.

पिल्ले वाढली तेव्हा त्यांत चार तलंगा आणि एक कोंबडा निघाला. तांबडी, कबरी, काळी आणि चिमणी ही नावे नातवाने रंगरूपावरून ठेवली. कोंबड्याच्या नावाचे पाप मात्र माझ्या माथी आहे. ऱ्हस्व, दीर्घ आणि प्लुत हे स्वरांचे तीन भेद सांगताना पाणिनीने नमुन्यास उकारच का घेतला, ह्याचे परंपरेतील उत्तर असे की कोंबड्याच्या आरवण्यात तो उकार क्रमाने एक, दोन आणि तीन मात्रांचा ऐकू येतो. हे मी तीस वर्षे वर्गात सांगितले. पण शहरातील मुलांनी तोंडावर हात ठेवून हसण्यापलीकडे त्याचे काही केले नाही. आता प्रयोगाचे साधन परसात होते. एका पहाटे मी नातवाला अंथरुणातून उठवून मात्रा मोजावयास बसविले. तिसरी मात्रा संपता संपता तो ओरडला, "आजोबा, हाच पाणिनी!" तेव्हापासून कोंबड्याचे नाव पाणिनी पडले.

शेजाऱ्यांची तक्रार आली, ती ह्याच पाणिनीच्या प्लुतामुळे. पुढे अंडी मिळू लागली, तसा हा तंटा आपोआप मिटला. गावरान कोंबडी वर्षाला साठ ते ऐंशीच अंडी देते. तरी ज्या घरात ती कोणी खात नाही तेथे तेवढीही पुष्कळ झाली. काही त्या हमाल गृहस्थांकडे जात, काही तक्रार करणाऱ्याच घरी. माझी सूनबाई त्यांतील एखादे माहेरच्या सवयीने खात असावी असा मला संशय आहे. मी चौकशी केली नाही.

कोंबडी हा मूर्ख प्राणी, असे मीही मानीत असे. पण पाळल्यावर दिसू लागले की ह्या चौघींत एक राज्यव्यवस्था आहे. दाणा टाकला की प्रथम कबरी, मग तांबडी, मग काळी, आणि सर्वांनी टोचून झाल्यावर चिमणी. सुमारे शंभर वर्षांपूर्वी श्येल्डरुप-एब्बे नावाच्या नॉर्वेजियन संशोधकाने ह्या टोचण्याच्या क्रमाचा शास्त्रीय अभ्यास प्रसिद्ध केला. त्याने लहानपणापासून कोंबड्यांच्या नोंदी ठेवल्या होत्या म्हणतात. आमच्या चिमणीने ह्या व्यवस्थेवर तोड काढली होती. ती दाण्याची वाट न पाहता सकाळी थेट स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी येई आणि तेथे आत्या तांदूळ निवडीत बसलेली असे. सोवळ्याच्या बाईने कोंबडीस कण्या टाकावयास कधी प्रारंभ केला, हे घरात कोणालाच कळले नाही.

२०२१ च्या जानेवारीत परभणी जिल्ह्यातील मुरुंबा गावी सुमारे नऊशे कोंबड्या बर्ड फ्लूने मेल्या, तेव्हा आमच्याही घरी भीती शिरली. रोग आढळला की भोवतालच्या एक किलोमीटरच्या आतील सर्व पक्षी, निरोगी असले तरी, मारून पुरावे लागतात. त्या आधी २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे भारतातील ह्या रोगाची पहिली साथ जाहीर झाली होती, तेव्हा लाखांच्या हिशेबाने पक्षी नष्ट केले गेले. त्यांत मोठ्या शेडमधील होते, तसे झोपडीच्या दाराशी हिंडणारेही होते. सरकारने पक्ष्यामागे भरपाई दिली, आणि ती द्यावयासच हवी होती. परंतु ज्या घरातील पोराने त्या कोंबडीला नाव ठेवले होते त्याच्यासाठी कागदावर रकाना कोठून असणार? ही गोष्ट मी तेव्हा वर्तमानपत्रात वाचली आणि पान उलटले. पुण्यात ते संकट आमच्या दारापर्यंत आले नाही. आम्ही महिनाभर पक्ष्यांना जाळीत कोंडले आणि सुटलो असे समजलो.

आता माझ्या चुकीकडे येतो. ती टाळून हा लेख लिहिता आला असता, पण मग त्यात लिहिण्यासारखे काही उरले नसते.

कोंबड्यांस राणीखेत नावाचा रोग होतो. कुमाऊंतील राणीखेत येथे १९२७ च्या सुमारास तो आढळला म्हणून हे नाव. आपल्याकडे त्यास मानमोडी म्हणतात, कारण पक्षी मान पिळून टाकतो. ह्यावर औषध नाही. लस आहे, आणि ती आपल्या पुण्यातच औंधच्या सरकारी संस्थेत तयार होते. पिल्लूपणी डोळ्यात थेंब घालावयाचा, दोन महिन्यांची झाली की टोचावयाचे, आणि पुढे वेळोवेळी पुन्हा द्यावयाची. पहिली दोन वर्षे मी हे केले. परंतु लसीची कुपी शंभर मात्रांची असते, आणि एकदा पातळ केली की दोन तासांत संपवावी लागते. पाच मात्रा वापरावयाच्या आणि पंचाण्णव ओतून द्यावयाच्या, हे माझ्या शिक्षकी काटकसरीस पटेना. किंमत फारशी नव्हती, खटकत होता तो अपव्यय. तिसऱ्या वर्षी मी पुढच्या महिन्यावर ढकलले, आणि तो पुढचा महिना आलाच नाही.

२०२३ च्या मार्गशीर्षातील एका सकाळी दाणा टाकला तेव्हा कबरीच्या आधी तांबडीने तोंड घातले, आणि कबरी काही बोलली नाही. मला तेव्हाच कळावयास हवे होते. सायंकाळी ती पिसे फुगवून कोपऱ्यात बसली. चोच उघडी टाकून श्वास घेऊ लागली, विष्ठा हिरवी झाली. दुसऱ्या दिवशी पशुवैद्य आले, पाहिले, आणि हळू आवाजात विचारले, "लस केव्हा दिली होती?" पुढील सहा दिवसांत एकेक करून पाचही गेली. पाणिनीला सिंहाने मारले अशी आख्यायिका पंचतंत्रात आहे. आमच्या पाणिनीला मारणारा डोळ्यांस दिसतही नव्हता. पशुवैद्य म्हणाले की रोग कबुतरांकडून आला असेल, माझ्याच चपलेला लागून यार्डातून आला असेल, सांगता यावयाचे नाही. चिमणी शेवटी गेली. तिची मान पाठीवर उलटली होती, तरी ती स्वयंपाकघराच्या दाराच्या दिशेने गोल गोल सरकत होती.

आम्ही शेवग्यापलीकडे खोल खड्डा घेतला, चुना पसरला आणि त्यांस पुरले. त्या वेळी नातू शाळेत होता.

त्याला काय सांगावे ह्यावर घरात दोन मते पडली. सूनबाई म्हणाली, "बाबा, गावाला पाठवल्या म्हणून सांगू या." चिरंजीवांचे म्हणणे, रविवारी दुसऱ्या आणाव्या म्हणजे झाले. दोघांचाही हेतू चांगला होता. पण दहा वर्षांच्या मुलास खोटे समजत नाही असे मोठी माणसेच मानतात. मी त्याला खड्ड्याजवळ नेले आणि सर्व सांगितले. तो बराच वेळ गप्प होता. मग त्याने विचारले, "लस दिली असती तर?"

मी म्हणालो, "बहुधा वाचल्या असत्या."

तीन दिवस तो माझ्याशी बोलला नाही.

भागवतात अवधूताच्या चोवीस गुरूंत एक कपोत आहे. पारध्याच्या जाळ्यात पिल्ले आणि मादी अडकलेली पाहून तो शोकाने स्वतःच जाळ्यात पडतो. अतिस्नेह घातक, हे तात्पर्य मी फळ्यावर किती वेळा लिहून दिले असेल! त्या तीन दिवसांत ते मला फार स्वस्त वाटू लागले. आदिकवीचा पहिला श्लोक एका पक्ष्याच्या शोकातून निघाला, हेही मीच शिकवीत असे. मग घरच्या पक्ष्यासाठी डोळे ओले झाले तर तोंड लपवावयाचे कारण काय? आणि युधिष्ठिराने कुत्र्याला सोडून स्वर्गात जाण्याचे नाकारले, त्या कुत्र्याची किंमत महाभारतात कोठे दिलेली नाही. माझ्या स्नेह्यांच्या प्रश्नाचे उत्तर मला येथे सापडले. गाय मोठी, कोंबडी क्षुद्र, हा हिशेब बाजारातला. रोज पहाटे साडेपाचला ज्या जिवासाठी मी दार उघडीत होतो त्याचे दार उघडण्याची वेळ मृत्यूनंतरही रोज साडेपाचलाच येत राहिली. सुतक कसले म्हणाल तर ते ह्या वेळेचे.

ग्रंथांनी लाज गेली, पण समाधान झाले नाही. ते थोडेसे आत्याने दिले. चौथ्या रात्री ती माझ्या खोलीत येऊन बसली आणि म्हणाली, "अरे, १९१८ च्या तापालाही मानमोडीच म्हणत. तुझी आजी तेव्हा तेरा वर्षांची. घरातली चार माणसे आठवड्यात गेली. रडायला कोणाला सवड नव्हती. जो उभा असेल त्याने पाणी भरायचे. पुढे कित्येक वर्षांनी इथे गोठ्यात एक वासरू मेले, तेव्हा ती दोन दिवस जेवली नाही. सासू हसली तिला. ती वासरासाठी रडत होती असे तुला वाटते का?" मी काही बोललो नाही. थोड्या वेळाने तीच म्हणाली, "मुलाला कामाला लाव. आणि तूही लाग."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी खुराडे उपसले. पेंढा जाळला, फळ्या घासल्या, भिंतींना आणि जमिनीला चुना दिला. पशुवैद्यांनी ते काही आठवडे रिकामे ठेवावयास सांगितले होते. नातू कामापुरते बोलत होता: बादली द्या, ब्रश द्या. दुपारी तो अचानक म्हणाला, "आजोबा, बाकीच्या पंचाण्णव कुणाला देता आल्या असत्या?"

प्रश्न हिशेबाचा होता, म्हणून मी त्याच्या उत्तराच्या मागे लागलो. ते हमाल गृहस्थ बरोबर आले. गुलटेकडीच्या उतारावर, वस्तीतील गल्ल्यांत, यार्डाच्या भिंतीलगत किती घरी खुराडी आहेत हे इतकी वर्षे जवळ राहून मला ठाऊक नव्हते. आमच्या घरातून कोणी त्या गल्लीत कशाला जाणार? आम्हांस अकरा घरे मिळाली. बहुतेकांनी लस कधीच दिली नव्हती, आणि कारण माझेच होते: चार कोंबड्यांसाठी अख्खी कुपी कोण फोडणार?

फाल्गुनात एका रविवारी सकाळी त्या अकरा घरांची डालगी आमच्या अंगणात जमली. आमच्या तीन नव्या तलंगाही होत्या. पशुधन पर्यवेक्षकांनी बर्फातून कुपी काढली, आणि दोन तासांच्या आत एकूण ऐंशीवर चार पक्ष्यांच्या डोळ्यांत थेंब पडले. सोळा मात्रा वाया गेल्या. मला त्या अजूनही खटकतात. कलकलाट असा की आत्याने जप सोडला आणि दारात येऊन उभी राहिली. "ती कबऱ्या पंखांची जरा चिमणीसारखी दिसते," असे ती दोनदा म्हणाली.

नातवाने नोंदीसाठी वही केली आहे. घर, पक्ष्याचा रंग, लसीची तारीख आणि पुढील तारीख, असे रकाने आखले आहेत. पहिल्या पानावर मात्र त्याने तांबडी, कबरी, काळी, चिमणी आणि पाणिनी ही पाच नावे लिहिली आहेत. त्यांच्यापुढील तारखेचा रकाना कोरा आहे. त्याने ती वही मला तपासावयास दिली. मी सवयीने तांबडी पेन्सिल काढली, ते पान पाहिले, आणि पेन्सिल तशीच खिशात ठेवून वही परत केली.