पाळी गेल्यानंतरचा रक्तस्राव

पाळी बंद होऊन वर्ष उलटलं आणि एक दिवस पुन्हा डाग दिसला, की बऱ्याच जणी म्हणतात, ‘उष्णता झाली असेल.’ डाग एकदाच, अगदी थेंबभर असला तरी डॉक्टरांना दाखवायलाच हवं. दरवेळी कॅन्सरच निघतो असं नाही. दहातल्या नऊ जणींत कारण साधं असतं. पण गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर बहुतेक वेळा असाच, लवकर, दिसून येतो. पाळी चालू असताना मध्येच किंवा फार जास्त रक्त जाणं, हीदेखील खूणच.

या कॅन्सरच्या मुळाशी बहुधा इस्ट्रोजेन हे संप्रेरक असतं. पाळी गेल्यावर ते चरबीत तयार होत राहतं आणि प्रोजेस्टेरॉनचा लगाम नसल्याने अस्तर वाढत जातं. म्हणून लठ्ठपणा हा मोठा धोका. मधुमेह, पीसीओएस, मूल न होणं, स्तनाच्या कॅन्सरसाठी घेतलेली टॅमॉक्सिफेनची गोळी आणि काही घराण्यांतला आनुवंशिक लिंच सिंड्रोम, हेही त्यात येतात.

पॅप स्मिअर नॉर्मल आला म्हणून निर्धास्त राहू नये. ती तपासणी गर्भाशयाच्या मुखाची. अस्तर पाहण्यासाठी योनिमार्गातून सोनोग्राफी करतात. पाळी गेलेल्या बाईचं अस्तर ४ मिलिमीटरपेक्षा जाड दिसलं, किंवा रक्त पुन्हा पुन्हा जात राहिलं, तर बायोप्सी. निदान तिच्यावरच ठरतं.

उपचार म्हणजे मुख्यतः शस्त्रक्रिया: गर्भाशय, बीजनलिका आणि बहुधा अंडाशयही काढतात. गरजेप्रमाणे पुढे रेडिएशन किंवा केमोथेरपी. मूल हवं असलेल्या तरुणीला, आजार अगदी सुरुवातीचा असेल, तर निवडक वेळी प्रोजेस्टेरॉन देऊन पाहतात.