पाणी शिरलेले बोटीचे यंत्र

२०१९ च्या ऑगस्टात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेने ५७ फुटांची पातळी गाठली, तेव्हा शहराच्या रस्त्यांवरून यांत्रिक बोटी चालल्या. आणि साताऱ्याकडे कोयनेच्या शिवसागर जलाशयावर, बामणोली-तापोळ्याच्या बाजूस, तर यांत्रिक बोट नित्याचीच आहे. अशा बोटीच्या यंत्रात पाणी शिरले असता चालकाच्या हातून पहिली चूक घडते, ती ते तत्काळ सुरू करून पाहण्याची. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. म्हणून सिलिंडरमध्ये पाणी साचलेले असताना स्टार्टर फिरविला, तर वर चढणारा पिस्टन मध्येच अडून त्याचा सारा आघात कनेक्टिंग रॉडवर येतो, व तो वाकला की संपूर्ण यंत्र खोलण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

यास्तव प्रथम बॅटरीची तार सोडवावी, स्पार्क प्लग काढावेत आणि तोंड बाजूस ठेवून फ्लायव्हील हाताने सावकाश फिरवावे. प्लगच्या भोकांतून पाण्याची पिचकारी उडते, ती थांबेपर्यंत. फोर-स्ट्रोक यंत्र असल्यास ऑइलची कांडी ओढून पाहावी. तेल दुधाळ चहासारखे दिसले, तर त्यात पाणी मिसळले आहे हे बिलाशक समजून ते फिल्टरसह बदलावे, व यंत्र थोडे चालवून पुन्हा बदलावे. पुराचे पाणी गाळाचे. तेव्हा कार्ब्युरेटर धुणे व इंधन उपसून नवे भरणे ओघानेच आले.

मात्र पाण्याहून दिरंगाई अधिक घातक, कारण ओल्या पोलादास हवा लागताच गंज धरू लागतो. कारागीर लगोलग मिळण्याजोगा नसेल, तर पाणी काढल्यावर प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून यंत्र हाताने फिरवून ठेवावे, आणि तोवर किल्लीस हात लावू नये.